न्यू जर्सी सोडून टेक्सस?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनहून डॅलसला बदली मागतोय. तिथलं राहणीमान खरंच चांगलं आहे का?

उत्तर : टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, न्यू जर्सीत तो उत्पन्नानुसार १०.७५ टक्क्यांपर्यंत चढतो. घरंही तुलनेनं स्वस्त. मात्र मालमत्ता कर दोन्हीकडे जड आहे. गारपिटीमुळे डॅलसकडे घराचा विमा महाग पडतो, उन्हाळ्यात एसीचं बिल फुगतं. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्ससमधल्या लाखो घरांची वीज गेली होती. एडिसनहून रेल्वेनं न्यूयॉर्क गाठता येतं. डॅलसच्या उपनगरांत बहुधा नवरा-बायकोला वेगवेगळी गाडी लागते. वाचणाऱ्या करातून हे खर्च वजा करा. नातवंडं शाळेत जाणारी असतील, तर राज्यापेक्षा स्कूल डिस्ट्रिक्ट पाहून घर निवडायला सांगा.