सल्ला द्यायला कॉलेज कशाला?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गुण चांगले आहेत, पण तिला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय आणि पुढे समुपदेशक व्हायचंय. सासूबाई म्हणतात, "आमच्या वाड्यात सगळ्या बायका मन मोकळं करायला माझ्याकडेच यायच्या. मी कुठल्या कॉलेजात गेले होते? सल्ला द्यायला पाच वर्षं काय शिकायचं?" धाकट्या मुलाला वेगळीच धास्ती आहे. ताई शिकून आली की आपल्या मनातलं ओळखणार, असं त्याला वाटतं. मला दोघांनाही उत्तर देता येईना. तिथे नेमकं शिकवतात तरी काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : धाकट्याची धास्ती आधी घालवू, ती सोपी आहे. मन वाचण्याचा पेपर कुठल्याही विद्यापीठात नाही. मानसशास्त्राचा विद्यार्थी लग्नघरात सापडला की "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" हा प्रश्न त्याला चुकत नाही. त्याचं खरं उत्तर 'माहीत नाही' असंच आहे. ते न लाजता म्हणता येणं, ही या विषयाची अर्धी कमाई समजा.

आता सासूबाई. सल्ला द्यायला शिकावं लागत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. सल्ला आपोआप तोंडातून निघतो. विद्यापीठात शिकायचं असतं ते या 'आपोआप'बद्दल.

पदवीच्या प्रॅक्टिकलला होणारा एक प्रयोग सांगतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. एका कार्डावर रंगांची नावं लिहायची, पण शाई भलतीच वापरायची. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत, असं. समोर बसलेल्याने शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण स्टॉपवॉच सुरू झालं की चांगली शिकलेली माणसंही अडखळतात, हसतात, 'ला... हिरवा' म्हणून स्वतःला सावरतात. नुसते रंगीत ठिपके दाखवले तर जेवढा वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ लागतो. कारण आपण वाचायचं ठरवून वाचत नाही. डोळा पडला की वाचून होतं. देवनागरी न येणाऱ्या पाहुण्याच्या हाती हेच कार्ड द्या, तो न अडखळता रंग सांगत सुटेल.

समोर बसलेल्या या माणसाला मराठी पाठ्यपुस्तकांत 'प्रयुक्त' म्हणतात. सूचना प्रत्येक प्रयुक्ताला त्याच शब्दांत द्यायची, मध्ये मान डोलवायची नाही, 'अरे, सोपं आहे' म्हणायचं नाही. प्रयोग संपल्यावर त्याला काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत जर्नलमध्ये उतरवायचं. अठरा वर्षांच्या मुलांना हे जर्नल कंटाळवाणं वाटतं. पण समोरच्याला आपल्याकडून नकळत इशारा जाऊ न देण्याची सवय इथे लागते.

या प्रयोगशाळेला इतिहास आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटली आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चिलं जाणारं मन मोजपट्टीखाली आलं. आपल्याकडे मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विद्यापीठ विभाग १९१६ मध्ये कलकत्त्यात निघाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला शिकून आले होते. तेव्हा 'हे आजकालचं फॅड' असं कुणी म्हणालं, तर या फॅडाने शंभरी ओलांडली आहे असं सांगा.

पदवीच्या वर्षांत मुलांना सगळ्यात नकोसा वाटणारा भाग म्हणजे संख्याशास्त्र. 'मन समजून घ्यायला आलो आणि सरासरी काढत बसलो' ही तक्रार दरवर्षीची. पण एक घरगुती उदाहरण घ्या. चाचणीत फार कमी गुण पडले म्हणून मुलाला रागावलं, पुढच्या वेळी गुण वाढले. फार छान गुण पडले म्हणून कौतुक केलं, पुढच्या वेळी उतरले. आई-बाप निष्कर्ष काढून मोकळे : मार लागू पडतो, लाड अंगाशी येतात. प्रत्यक्षात कुणाचेही गुण त्याच्या नेहमीच्या पातळीच्या खालीवर होत राहतात. एकदा फार खाली गेले की पुढच्या खेपेला ते बहुधा वर येणारच, आपण रागावलो काय आणि गप्प बसलो काय. संख्याशास्त्रात याला नाव आहे आणि ते मोजायची रीतही आहे. 'माझा अनुभव आहे' या वाक्याने सुरू होणाऱ्या बऱ्याच सल्ल्यांची हवा या एका धड्यात निघते.

चाचण्यांचंही तसंच. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. ती नुसती भाषांतर करून आपल्या मुलांना देता येईना, कारण पॅरिसच्या मुलाला सोपा वाटणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला अवघड असू शकतो आणि उलटही. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांवर तपासून तिचं इथलं रूप बसवलं. त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघालं आणि 'बिने-कामत' हे नाव दवाखान्यांतून आजवर टिकलं. ही चाचणी घेतानाही जीभ आवरावीच लागते. मुलाने उत्तर दिलं की 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं नाही. प्रयत्नाचं कौतुक करायचं, उत्तराचं नाही. मुलाच्या आईसमोर बसून हे पाळणं किती कठीण असतं, ते शिकणाऱ्यांना विचारा.

इथवर पदवी झाली. समुपदेशनाचं खरं शिक्षण एम.ए.ला सुरू होतं, आणि तिथे सासूबाईंचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वर्गात तिघातिघांचे गट करतात. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. बोलणं रेकॉर्ड करायचं आणि घरी जाऊन ते शब्द न शब्द कागदावर उतरवायचं, अगदी 'अं', 'हं' आणि गप्प बसलेले सेकंदसुद्धा. याला सगळे 'व्हर्बेटिम' म्हणतात आणि सगळेच त्याला वैतागतात. समजा, एका व्हर्बेटिममध्ये असं आहे :

"आई गेल्यापासून सुट्टीत घरी जावंसंच वाटत नाही."

"असं कसं? बाबा एकटे असतील ना. त्यांचा विचार कर."

शिक्षिका समासात लाल पेनने लिहितात : 'हे कुणी विचारलं होतं?'

विद्यार्थिनी दुसऱ्या खेपेला सावध होते. "मला कळतंय. माझी आजी गेली तेव्हा मलाही असंच झालं होतं." समासात : 'आता बोलणं कुणाबद्दल चाललंय?'

तिसऱ्या खेपेला ती एवढंच म्हणते, "घरी जावंसं वाटत नाही..." आणि थांबते. व्हर्बेटिममध्ये तिला लिहावं लागतं : 'अकरा सेकंद शांतता.' मग समोरून येतं, "बेल वाजवली की आता दार बाबा उघडतात."

पहिल्या दोन्ही वाक्यांत वाईट काहीच नव्हतं. कुणीही प्रेमळ माणूस तसंच बोलला असता. पण ती वाक्यं कार्डावरच्या 'लाल' शब्दासारखी आहेत, शाई बघण्याआधीच वाचून झालेली. 'आई गेली' ऐकलं की आपल्या मनात तयार असलेलं उत्तर बाहेर पडतं आणि समोरच्याचं दार, बेल, बाबा हे सगळं आत राहून जातं. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण समुपदेशकाने उलट्या बाजूने वाचायची असते : माझं जळलेलं नाही, तेव्हा मला विचारावं लागेल.

मुलाखत रेकॉर्ड करून स्वतःच्याच चुका तपासायचा हा शिरस्ता कार्ल रॉजर्स यांनी रुजवला. १९४२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटबरोबरच्या आठ मुलाखती शब्दशः छापल्या. तोवर बंद दारामागे काय होतं ते गुरूच्या आठवणीवरच चालायचं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याहून वेगळ्या स्वभावाची. ती वाद घालते. "सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे" हा 'च' कुठून आला, असं थेट विचारते. मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिसांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे आणली आणि अनेकांना शिकवली. रॉजर्स ऐकून घेणारे, एलिस उलटतपासणी करणारे. पण 'तू अमुक कर' हे दोघेही सांगत नाहीत. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा.

सासूबाई वाड्यात बहुतेक हेच करत असणार. बायका पुन्हापुन्हा त्यांच्याकडे यायच्या त्या सल्ल्यासाठी कमी आणि कुणी ऐकून घेतं म्हणून जास्त. फरक असा, की त्या सगळ्यांना लहानपणापासून ओळखत होत्या. समुपदेशकासमोर दिवसाला चार-पाच अनोळखी माणसं बसतात. त्यांतलं कोण नुसतं दमलंय आणि कुणाला आजच डॉक्टरकडे पाठवलं पाहिजे, हे त्याला ओळखावं लागतं. ऐकलेलं चार भिंतींत ठेवावं लागतं आणि कधी ठेवायचं नाही तेही माहीत असावं लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन बसलेला समुपदेशक स्वतःही अडकतो आणि मुलाचा विश्वासही घालवतो. म्हणून पहिल्याच भेटीत गुप्ततेची मर्यादा सांगायला शिकवतात.

आता तुम्ही न विचारलेलं, पण प्रवेशाआधी हवं असलेलं. आपण तीन वेगवेगळ्या माणसांना एकच नाव देतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देणं हे त्याचं काम. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून आपल्याला ठाऊक असलेले डॉ. मोहन आगाशे हे असे डॉक्टर. मुलीला हे व्हायचं असेल तर रस्ता नीटमधून जातो, बी.ए.मधून नाही.

दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तो औषधं देत नाही. चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार ही त्याची कामं. हे नाव लावायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही या पात्रतेची व्याख्या दिली आहे. आजवरचा मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. जागा मोजक्या, प्रशिक्षण रुग्णालयात. यूजीसीने एम.फिल. पदवी बंद केली, पण या शाखेसाठी मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली. मुलीला तिथवर पोहोचायला पाच वर्षं आहेत, तेव्हा त्या वेळचे अभ्यासक्रम आरसीआयच्या यादीतच पाहायचे, कुणाच्या जाहिरातीत नाही.

तिसरा समुपदेशक. शाळा, महाविद्यालयं, कंपन्या, रुग्णालयं, सामाजिक संस्था ही त्याची कामाची ठिकाणं. अडचण अशी, की पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करूनही 'समुपदेशक' अशी पाटी लावलेली माणसं दिसतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक नोंदणीच्या कक्षेत आणले आहेत. त्यामुळे पुढच्या काळात चांगल्या एम.ए.ची किंमत वाढेल, असं मला वाटतं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. तीन प्रश्न विचारा. मानसशास्त्राची प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद? एम.ए.ला प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास काम मिळतं? आणि त्या कामाची व्हर्बेटिम तपासणारी, सुपरव्हिजन देणारी अनुभवी व्यक्ती कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर चाचरत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

तेव्हा मुलीला शिकू द्या. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती जर्नल घेऊन घरी येईल आणि तिला प्रयुक्त हवा असेल. कार्ड करायला चार स्केचपेनं पुरतात. आधी सासूबाईंना बसवा, मग धाकट्याला. तिने तुम्हाला कितीही चुकताना पाहिलं तरी ती एक शब्द बोलणार नाही. तेवढ्यावरूनच समजा, शिक्षण सुरू झालं.