नाळ कापल्यावर निघू नकोस

वारंगा फाटा

चि. छोटीस,



मिडवाइफरीच्या अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तुझी निवड झाल्याचं दादानं फोनवर सांगितलं आणि दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. शिकून परत इकडंच यायचं, फाट्याच्या आसपास नर्सबायकांनी चालवलेलं बाळंतपणाचं लहानसं केंद्र उभं राहावं, असं तू लिहिलंस. मला फार बरं वाटलं. माझा जन्म याच कामात गेला. म्हणून जे मनात आहे ते सविस्तर लिहिते. पुस्तकातलं तुला तिथं शिकवतीलच, मी इथलं सांगते.

आपल्याकडं एक मोठी लढाई बऱ्याच अंशी जिंकून झाली आहे, ती आधी लक्षात घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. आमच्या उमेदीच्या काळात बाईला दवाखान्यात आणण्यातच निम्मा जीव जायचा. 2005 ला जननी सुरक्षा योजना आली, 2011 ला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, आशाताई आल्या, गाड्या आल्या आणि बायका यायला लागल्या. पण दारापर्यंत आलेल्या बाईला आत काय मिळतं? टेबलावर आडवी पाड, सलाइन लाव, कळांचं इंजेक्शन सोड, नाहीतर पुढं पाठव. त्याच पाहणीत राज्यातलं दर चौथं बाळंतपण सिझेरियननं झालेलं दिसतं. ज्या बाईला सिझेरियन लागतं तिचा जीव त्यानंच वाचतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण धडधाकट बाईचं सरळ बाळंतपण सरळ होऊ देणारं माणूस दवाखान्यात असावं, त्याच्या हाताला वेळ आणि अक्कल दोन्ही असावी, ही आता पुढची लढाई आहे. 2018 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याचसाठी. आपल्या शेजारी, नांदेडच्या पलीकडं तेलंगणात करीमनगरला 2017 मध्येच नर्सना हे शिक्षण द्यायला सुरुवात झाली होती. तिथल्या मुली काय करतात ते जमलं तर जाऊन बघ.

आज अशी केंद्रं मोठ्या रुग्णालयाला लागूनच सुरू होतात. त्यानं खट्टू होऊ नकोस, ते बरोबरच आहे. शेजारच्या दारात शस्त्रक्रियेची सोय आणि रक्त असेल तर हात निर्धास्त चालतो. लहान गावात यायचं ते तिथं हात बसल्यावर.

आता मुख्य गोष्ट. या कामात सगळ्यात अवघड आहे ते बाईजवळ थांबणं. पहिलटकरणीच्या कळा रात्रभर चालतात. बाहेर सासू, नवरा, दीर फेऱ्या मारत असतात. दर अर्ध्या तासाला कुणीतरी येऊन म्हणतं, "सिस्टर, काहीतरी करा की." त्या 'काहीतरी'पायी फार नुकसान झालं आहे. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत बाई खऱ्या जोरात आलेलीच नसते, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्याआधीच तिला टेबलावर घेऊन 'जोर लाव' म्हणणं म्हणजे तिचं बळ फुकट घालवणं. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेबही आता प्रत्येक बाईला लावत नाहीत. आणि जिथं सिझेरियनची सोय नाही अशा केंद्रात बाळ बाहेर येण्याआधी कळा वाढवायचं इंजेक्शन कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नकोस. पिशवी फाटू शकते, बाळ आत गुदमरू शकतं. पोटावर बसून किंवा कोपरानं दाबून बाळ खाली ढकलणं हेही तसंच. तुझ्यासमोर कुणी ते करायला लागलं, मग ते वयानं, हुद्द्यानं कितीही मोठं असो, त्याचा हात धर.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. दर पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाचे ठोके, ते 110 ते 160 च्या आत आहेत का. बाई जोर करू लागली की दर पाच मिनिटांनी. नाडी, रक्तदाब, ताप, पाणमोट फुटल्यावर पाण्याचा रंग, लघवी झाली का, सगळं त्या त्या वेळी कागदावर उतरवायचं. सकाळी एकदम बसून रात्रीचा पार्टोग्राफ, म्हणजे हाच नोंदींचा तक्ता, भरणारे असतात. तू तसं कधी करू नकोस. ज्या बाईला पुढं पाठवावं लागतं, तिच्यासोबत तोच कागद बोलत जातो.

लेबर रूममधल्या भाषेबद्दल मला तुला हात जोडून सांगायचं आहे. बाई ओरडली की तिला घालून पाडून बोलायचं, मांडीवर चापट मारायची, नवऱ्यावरून बोलायचं, हे मी ऐकत आले आणि त्यानं माझा जीव तुटतो. कळा सोसणारी बाई त्या घडीला जगातली सगळ्यात एकटी असते. तिला नावानं हाक मार, ताई म्हण, माय म्हण. तिला पाणी पिऊ दे, चालू दे, उकिडवं बसू दे, कुशीवर होऊ दे. तिची आई, बहीण, जाऊ, जी तिला हवी असेल ती जवळ राहू दे. प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला सरकारची परवानगी आहे, त्यामुळं 'नियमात बसत नाही' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. सोबत असली की बाई कमी घाबरते आणि सिझेरियनची वेळही कमी येते, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. तसं पाहिलं तर आपल्या गावच्या सुईणीला ते अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. ती बाईच्या पाठीला पाठ लावून रात्र काढायची. रक्तस्राव सुरू झाला की मात्र तिच्या हाती काही नसायचं, आणि म्हणून कितीतरी घरांत आईविना लेकरं वाढली. तिचं बसणं तू घे, आणि जे तिच्याजवळ नव्हतं ते शिकून ये.

बाळ बाहेर आलं की खोलीतलं सगळं वातावरण सैल पडतं. मुलगा का मुलगी, पेढे, फोन. आईचा जीव जातो तो बहुतेक वेळा याच घटकेला किंवा पुढच्या काही तासांत. म्हणून तुझं खरं काम इथून सुरू होतं असं समज. पोटात दुसरं बाळ नाही ना हे चाचपून एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे 10 युनिट मांडीत. बाळ कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांवर पांघरूण. ते रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटातच बॅग आणि मास्क हातात हवा, शोधाशोध करायला वेळ नसतो. बाळ चांगलं असेल तर नाळ कापायची घाई नको, एक ते तीन मिनिटं थांब. आपल्याकडच्या बायका रक्तानं आधीच कमी असतात, राज्यातल्या निम्म्याच्या जवळपास गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. त्या नाळेतलं रक्त बाळाच्या हक्काचं आहे. मग वार पूर्ण आली का, कुठं तुकडा राहिला का, ते उजेडात धरून बघायचं. आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात ठेवून पिशवी आवळलेली आहे का ते पाहायचं.

इथल्या उन्हाळ्याबद्दल एक सांगते. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडं काय तापतं आणि लाइट किती वेळ जाते, तुला ठाऊक आहे. कपाटात ठेवलेलं इंजेक्शन दिसतं औषधासारखं, पण त्यातलं बळ गेलेलं असतं. फ्रिजचं तापमान रोज स्वतः बघ. शिपायावर सोडू नकोस.

रक्त किती गेलं ते डोळ्यांनी ठरवू नकोस. लुगड्यात मुरलेलं, बादलीत गेलेलं, फरशीवरून पुसलेलं रक्त कुणाच्याच हिशेबात येत नाही. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची चादर घालून रक्त मोजलं, आणि जास्त दिसताच पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी हे एकापाठोपाठ न थांबता केलं. भयंकर रक्तस्राव आणि त्यातून येणारी संकटं 60 टक्क्यांनी घटली. त्यातलं कोणतंच औषध नवं नव्हतं. वेळेवर कळलं, एवढाच फरक. तशी चादर मिळाली नाही तर भरलेल्या पॅडचं वजन कर, पण मोज.

आता फाट्याचं. इथून एक रस्ता अर्धापूरवरून नांदेडला, एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला आणि एक हदगावकडून यवतमाळला जातो. रस्ता आहे म्हणून बाईला वाचवलं, असं होत नाही. कोणत्या दवाखान्यात आत्ता भूलतज्ज्ञ आहे, कुठं रक्त आहे, हे विचारून मगच गाडीचं तोंड फिरव. नाहीतर बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरते आणि वाटेत जाते. रात्री कोण फोन उचलतं ते दिवसा विचारून ठेव. 108 ची गाडी येईपर्यंत हातातलं करून घे: झटके येत असतील किंवा रक्तदाब फार चढून डोकं ठणकत असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी 5 ग्रॅम, देऊनच पाठव. शक्य असेल तर तू गाडीत बस. आणि पाठवायची वेळ आली म्हणजे आपण कमी पडलो, असं मनात आणू नकोस. लवकर पाठवणारी मिडवाइफ हीच चांगली मिडवाइफ.

घरी सोडायची घाई इकडं फार. हळद काढणीला आलेली असते, कापूस वेचायचा असतो, सोबतीला आलेल्या बाईचा रोज बुडतो. सरळ बाळंतपणानंतर तीन दिवस फुकट राहण्या-जेवण्याची सोय सरकारनं दिली आहे, ती त्यांना समजावून सांग. पहिले 48 तास तरी सोडू नकोस. पहिल्या तासातच चिकाचं दूध बाळाच्या तोंडात गेलं पाहिजे. 'दूधच नाही' म्हणणाऱ्या दहा जणींपैकी बहुतेकींचं बाळ नीट धरलेलं नसतं. शेजारी बसून, बाळाची मान, तोंड नीट लावून द्यायला लागतं. ते सांगून होत नाही.

घरच्या रीतींशी भांडू नकोस, निवड. डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी, सव्वा महिन्याचा आराम, पाचवीची पूजा, यातलं काही वाईट नाही, उलट त्या आरामासाठी तू सासूशी दोन शब्द जास्त बोल. बंद खोलीत खाटेखाली शेगडी मात्र नको, धुरानं आई-बाळ दोघं गुदमरतात. ऊब हवी तर बाळाला छातीशी बांध, अडीच किलोपेक्षा कमी असेल तर दिवसरात्र. बाळंतिणीचं पाणी तोडतात, भाज्या तोडतात, ते तोडू देऊ नकोस. आपला जिल्हा हळदीचा, घराघरात पोती भरलेली, पण नाळेच्या देठाला हळद नको, तेल नको, काहीच नको. बाळाला घुटी नको, मध नको.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन देखभाल शिकवली. 39 गावांतले बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, 62 टक्क्यांनी कमी झाले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. 2011 पासून देशभर आशाताई बाळाला बघायला घरी जातात त्याचं मूळ तिथं आहे: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्याच्याही आधी, 1970 पासून, जामखेडला आरोळे दांपत्यानं निरक्षर बायकांना हेच बळ दिलं होतं. या बायकांना तुझ्या हाताखालच्या समजू नकोस. आशाताई बाळाचं वजन करील, श्वास मोजील. तू तिला आईकडंही बघायला शिकव. अंगात ताप, घाण वास, पोटरीची सूज, बाळंतपणानंतरही चढणारा रक्तदाब. आणि झोप उडालेली, उगाच रडणारी, बाळाकडं न बघणारी बाळंतीण. तिला 'बाहेरचं' झालं म्हणून देवऋष्याकडं नेतात. तिला आधी तुझ्याकडं आणायला सांग.

आणखी एक भगदाड आहे, ते कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांत बुजलेलं मला दिसलं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या आशाताईच्या वहीत, बाई माहेरच्या गावात, बाळंत तिसऱ्याच दवाखान्यात. दोन्ही आशाताईंना वाटतं दुसरी जात असेल, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी कुणीच जात नाही. तू केंद्रातून बाईला सोडताना ती कुठल्या गावी, कुणाच्या घरी जाणार आहे ते विचार आणि तिच्यासमोरच तिथल्या आशाताईला फोन लाव. माता बाल संरक्षण कार्डावर तो नंबर लिहून दे. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रशिक्षणात एक गोष्ट मुद्दाम मागून शिक: बसून, उकिडवं, कुशीवर बाळंतपण करवणं. टेबलावर उताणी बाईचं बाळंतपण कुणीही दाखवील. बाकीचं दाखवणारी माणसं आपल्या भागात कमी आहेत, आणि पुढं इथल्या मुलींना ते तुलाच दाखवावं लागणार आहे. हात नीट बसेपर्यंत तिथून लवकर निघायची घाई करू नकोस.

वहिनीला नमस्कार सांग. थंडीत शाल घेऊन जा, रात्रपाळीला लागते.

तुझी,
आत्या