कीबोर्ड घेण्याआधी

सांगली

चि. सोनू हिस,


तू कीबोर्ड घ्यायला निघाली आहेस आणि चारशे आवाजांचा घ्यावा की सहाशे आवाजांचा, यात अडकली आहेस, असं दादा म्हणत होता. तो प्रश्न आधी सोडून दे. त्या सहाशेंतले दहा-बारा आवाजच तुझ्या हाताशी राहतील. पैसे मोजायचे ते पट्ट्यांसाठी.

यामाहाचे पीएसआर-ई२७३ आणि पीएसआर-ई३७३ शेजारी ठेवून बघ. दोन्हींना ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं. पण पहिल्यात पट्टी हळू दाब की जोरात, आवाज तेवढाच येतो. दुसऱ्याला टच आहे. बोट जसं पडेल तसा स्वर. शिकायला सुरुवात करणाऱ्याला टच कशाला, असं तुला कुणीतरी सांगेल. ऐकू नकोस. बोटं घडतात ती सुरुवातीलाच. बिनटचच्या पट्ट्यांवर हात बसला की सगळे स्वर एकाच वजनाने टाकायची सवय जडते. मग भावगीताचा मुखडा आणि त्यामागची कॉर्ड सारख्याच जोराने वाजतात आणि गाण्याची ओळ कुठे हरवली तेच कळत नाही. टच नसेल तर तो कीबोर्ड घेऊ नकोस, मग कितीही स्वस्त मिळो.

पियानोच शिकायचा असेल तर मात्र वाट वेगळी. त्याला ८८ पट्ट्या लागतात, आणि त्याही वजनदार, खऱ्या पियानोसारख्या. यामाहाचा पी-४५ साडेअकरा किलोचा आहे, लांबी सव्वा मीटरच्या वर. तो तुझ्या खोलीत मावेल, पण गणपतीतल्या कार्यक्रमाला रिक्षातून न्यायचा म्हटलास तर हाल होतील. ट्रिनिटीच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन निराळे विषय आहेत. तेव्हा तुझ्या सरांना आधी विचार.

तू गातेस, म्हणून पुढचं जरा सविस्तर. तुझी पट्टी काळी चार. ट्रान्सपोजचं बटण दाबून पांढरी एकवरच बोटं ठेवलीस आणि सूर काळी चारचे काढलेस, तर कार्यक्रमात अडचण भागेल. घरी मात्र ते बटण बंद ठेव आणि काळी चारचा सा धरूनच वाजव. नाहीतर समोरच्याने पट्टी बदलली की हात थिजतील.

आणि रागाचा रियाज कीबोर्डवर करू नकोस. त्यातलं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, त्यामुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. एका अर्धस्वराचे सेंट शंभर, तेव्हा फरक लहान वाटेल. पण रोज त्याच्याशी गळा जुळवलास तर कान तोच गंधार खरा मानू लागेल. शिवाय त्यात मींड नाही. स्वर वाकवायचं चाक काही कीबोर्डांना असतं, तरी ते गळ्याची जागा घेत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाही तक्रारी अशाच होत्या. रियाजाला तानपुरा, गाण्याच्या साथीला कीबोर्ड, असं ठरवून टाक. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत किंवा कॅसिओच्या ‘आयएन’ने संपणाऱ्या मॉडेलांत तबला आणि आपली वाद्यं मिळतात. साथीला ती उपयोगी पडतील, पण टच आहे ना हे तिथेही आधी बघ.

दुकानात गेलीस की ऱ्हिदम बंद करायला सांग. ऱ्हिदम चालू असला की कुठलाही कीबोर्ड छान वाटतो. पियानोचा आवाज लाव, एकच पट्टी हळू, मग जोरात दाब. मग दोन्ही हातांनी भरघोस कॉर्ड धरून वर सूर वाजव. आधीचे स्वर मध्येच तुटले तर पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची संख्या, कमी आहे असं समज. ४८ असली तरी तुला पुरे. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या हव्यात, आणि मागे पेडलची जागा हवी. अडॅप्टर खोक्यात आहे का, तेही विचार.

पेडल बहुधा वेगळं घ्यावं लागेल. ते माझ्याकडून. दादाकडे त्याचे पैसे मागू नकोस, आणि कुठला कीबोर्ड घेतलास ते त्याच दिवशी कळव, म्हणजे त्याला चालणारंच पेडल पाठवते.

तुझी,
आत्या