जुन्या सदनिकेचे नूतनीकरण : नव्या प्रकल्प व्यवस्थापकाने आपले शुल्क कसे ठरवावे?

मोठ्या शहरांतील तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतींमधील सदनिका विकत घ्यावयाची, तिचे नूतनीकरण करावयाचे आणि काही महिन्यांत ती अधिक किमतीस विकावयाची, हा गुंतवणुकीचा एक प्रकार होय. गुंतवणूकदारास बहुधा रोज कामावर जाणे शक्य नसते. अनेकदा तो दुसऱ्याच शहरात राहत असतो. अशा वेळी अंदाजपत्रक करणे, ठेकेदार नेमणे, गवंडी, प्लंबर व विद्युत कारागीर यांच्या कामांचा क्रम लावणे आणि खर्चावर लक्ष ठेवणे, ही जबाबदारी प्रकल्प व्यवस्थापकाकडे येते.

बांधकाम क्षेत्रातील नोकरी सोडून या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यास काम येत असते. अडते ते शुल्क ठरविताना. पहिले काम हातचे जाऊ नये म्हणून तो कमी रक्कम सांगतो, आणि निम्मे काम झाल्यावर ते परवडत नाही असे त्याच्या ध्यानात येते. मग फेऱ्या कमी होतात, काम रेंगाळते आणि गुंतवणूकदाराचे व्याज वाढत जाते. चुकीच्या शुल्काची झळ अशी दोघांनाही बसते.

स्वतःच्या दिवसाची किंमत

शुल्काचा हिशेब सदनिकेच्या किमतीपासून नव्हे, तर स्वतःच्या घरखर्चापासून सुरू करावा. समजा, एका व्यवस्थापकाचा घरखर्च दरमहा रु. ४५,०००, प्रवास, दूरध्वनी व विमा यांसाठी रु. १२,०००, आजारपण व काम नसलेल्या दिवसांसाठी तरतूद रु. ८,००० आणि आयकर व निवृत्तीची बचत रु. १०,००० आहे. एकूण गरज रु. ७५,००० झाली.

महिन्यात कामाचे दिवस २५ धरले, तरी सर्वच दिवसांचे पैसे मिळत नाहीत. नवी कामे शोधणे, दरपत्रके मागविणे, हिशेब लिहिणे यांत दहा दिवस सहज जातात. उरलेल्या १५ दिवसांवरच संसार चालावयाचा असतो. म्हणजे दिवसाची किंमत रु. ५,००० झाली. ७५,००० ला २५ ने भागून रु. ३,००० हा दर काढणारा नवखा व्यवस्थापक येथेच पहिली चूक करतो.

त्यानंतर प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजावेत. खरेदीपूर्व पाहणी व अंदाजपत्रक यांस ४ दिवस. गृहनिर्माण संस्थेची परवानगी व ठेकेदाराची निवड यांस ५ दिवस. दहा आठवड्यांच्या कामात आठवड्याला दोन याप्रमाणे २० दिवस. अखेरची तपासणी व उणिवा दूर करून घेणे यांस ३ दिवस. एकूण ३२ दिवसांचे रु. १,६०,००० होतात. जुन्या इमारतीत फरशी उखडल्यावर गंजलेले नळ वा मुरलेली ओल निघतेच; त्या अनिश्चिततेसाठी १० टक्के, म्हणजे रु. १६,००० मिळविले, की शुल्क रु. १,७६,००० ठरते.

गुंतवणूकदाराचे गणित

हे शुल्क गुंतवणूकदारास परवडेल काय, हेही व्यवस्थापकास सांगता आले पाहिजे. उदाहरणादाखल मुंबईतील एक सदनिका घेऊ. खरेदी किंमत रु. ८०,००,०००; ६ टक्के दराने मुद्रांक शुल्क रु. ४,८०,००० व नोंदणी शुल्क रु. ३०,०००, खरेदीची दलाली १ टक्का, रु. ८०,०००, नूतनीकरण रु. १२,००,०००. कर्ज रु. ५०,००,०००, व्याजदर ९ टक्के धरल्यास आठ महिन्यांचे व्याज रु. ३,००,०००. संस्थेचा देखभाल खर्च दरमहा रु. ५,००० प्रमाणे रु. ४०,०००. विक्री रु. १,१२,००,००० ला झाली, तर १ टक्का दलाली रु. १,१२,०००. एकूण खर्च रु. १,०२,४२,००० आणि शुल्क व आयकर यांपूर्वीची शिल्लक रु. ९,५८,०००.

रु. ३२,००,००० चा फरक वरवर पाहता मोठा वाटतो. परंतु हाती उरणारी रक्कम त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. याच गणितातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. विलंबाचा प्रत्येक महिना व्याजाचे रु. ३७,५०० व देखभालीचे रु. ५,००० असे रु. ४२,५०० खातो. दोन महिन्यांचा विलंब टळला, तर व्यवस्थापकाच्या शुल्काचा जवळजवळ निम्मा भाग भरून निघतो. आपले मोल पटवून देण्यासाठी नव्या व्यवस्थापकाने अनुभवाची वर्षे सांगण्याऐवजी हा आकडा मांडणे अधिक उपयुक्त ठरते.

शुल्काच्या तीन पद्धती

पहिली पद्धत नूतनीकरण खर्चाच्या टक्केवारीची. १० टक्के ठरल्यास वरील उदाहरणात रु. १,२०,००० मिळतील, म्हणजे ३२ दिवसांच्या किमतीपेक्षा रु. ४०,००० कमी. लहान कामातही फेऱ्या तेवढ्याच कराव्या लागतात, हे टक्केवारी जाणत नाही. शिवाय तीत एक नैतिक पेच आहे : खर्च वाढला की शुल्क वाढते आणि काटकसर करणाऱ्या व्यवस्थापकाचेच नुकसान होते.

दुसरी पद्धत नफ्यातील वाट्याची. गुंतवणूकदारास ती आकर्षक वाटते, कारण आरंभी काही द्यावे लागत नाही. वरील शिल्लकेचे १५ टक्के म्हणजे रु. १,४३,७०० होतात. परंतु बाजार मंदावून विक्रीची किंमत ५ टक्क्यांनी उतरली, तर शिल्लक रु. ४,०३,६०० वर येते आणि वाटा अवघा रु. ६०,५४० राहतो. व्यवस्थापकाच्या कामात कसूर नसतानाही त्याची मिळकत निम्म्याहून कमी होते. बाजाराची जोखीम भांडवल घालणाऱ्याने घ्यावी. ज्याच्या हाती ना खरेदीची किंमत, ना विक्रीचा निर्णय, त्याने ती एकट्याने वाहू नये.

तिसरी पद्धत टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या ठराविक शुल्काची. नव्या व्यवस्थापकासाठी हीच पद्धत सर्वांत सुरक्षित होय. रु. १,७६,००० चे चार समान हप्ते करता येतील : करार होताच रु. ४४,०००, तोडफोड, नळकाम, विद्युतकाम व वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर दुसरा, रंगकाम व जोडण्या झाल्यावर तिसरा, आणि उणिवा दूर करून सदनिका ताब्यात दिल्यावर चौथा. शेवटचा हप्ता विक्रीशी जोडू नये. सदनिका विकणे हे व्यवस्थापकाचे काम नव्हे. नफ्यातील लहानसा वाटा हवाच असेल, तर तो या शुल्काच्या वर बक्षिसाप्रमाणे असावा आणि ‘नफा’ कोणते खर्च वजा करून काढावयाचा, हे लिहून ठेवावे.

कर आणि करार

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. केवळ सेवा देणाऱ्यास बहुतेक राज्यांत वार्षिक उलाढाल रु. २० लाखांपुढे गेल्यावर नोंदणी करावी लागते. नोंदणी असल्यास शुल्कावर १८ टक्के, म्हणजे येथे रु. ३१,६८० कर येतो. जुन्या, पूर्ण झालेल्या सदनिकेच्या विक्रीवर हा कर नसल्याने गुंतवणूकदारास त्याची वजावट घेता येत नाही. त्याच्या दृष्टीने तो निव्वळ खर्चच ठरतो. म्हणून शुल्क करासह आहे की कराव्यतिरिक्त, हे आरंभीच स्पष्ट करावे. गुंतवणूकदार कंपनी वा भागीदारी संस्था असेल, तर व्यावसायिक शुल्कातून उगमस्थानी सामान्यतः १० टक्के कर कापला जातो. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. तोवर हाती येणारी रक्कम मात्र कमी असते.

सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करून घेणेही हिताचे असते. तिला शुल्क पडत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार अशा सेवा पुरवठादाराचे देणे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास व्याजाची तरतूद आहे.

करारात चार बाबी निःसंदिग्ध असाव्यात. पहिली, शुल्कात कोणती कामे समाविष्ट आहेत. भिंत पाडण्याबाबतचा संरचना अभियंत्याचा अभिप्राय वा महापालिकेची परवानगी यांचा खर्च स्वतंत्र असतो. दुसरी, गुंतवणूकदाराने आराखडा बदलल्यामुळे वा पैसे उशिरा दिल्यामुळे वाढलेल्या दिवसांसाठी रु. ५,००० हा दैनिक दर. व्यवस्थापकाच्याच दिरंगाईमुळे वाढलेल्या दिवसांसाठी मात्र काही नाही. तिसरी, ठेकेदार व दुकानदार यांची बिले गुंतवणूकदाराने थेट त्यांच्या खात्यात भरावीत. ती रक्कम व्यवस्थापकाच्या हातून जाणारच असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र बँक खाते असावे.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची. फरशीवाला, रंगवाला वा ठेकेदार व्यवस्थापकास ‘टक्का’ देऊ करतो. तो गुपचूप घेतला, की ठेकेदाराचे निकृष्ट काम नाकारण्याचा अधिकारही गमावला जातो. मिळालेली प्रत्येक सूट गुंतवणूकदाराच्या बिलात दिसली पाहिजे. पुरेसे शुल्क उघडपणे मागणारा व्यवस्थापकच असा मोह टाळू शकतो. कमी शुल्कात काम घेणाऱ्यास तो टाळणे कठीण जाते.

घासाघीस झाली तर

गुंतवणूकदार रु. १,२०,००० हून अधिक देण्यास तयार नसेल, तर व्यवस्थापकाने दर उतरवू नये, दिवस कमी करावेत. रु. ५,००० प्रमाणे या रकमेत २४ दिवस बसतात. खरेदीपूर्व पाहणीचे चार दिवस वगळावेत आणि संस्थेची परवानगी व ठेकेदाराची निवड हे पाच दिवसांचे काम गुंतवणूकदाराने स्वतः करावे. मग देखरेखीचे २० व अखेरच्या तपासणीचे ३ दिवस धरून एक दिवस अनिश्चिततेसाठी उरतो. देखरेखीचे दिवस मात्र कमी करू नयेत. न्हाणीघराची फरशी बसल्यावर तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग पाहता येत नाही. आणि खालच्या मजल्यावरील छताला ओल आली, तर ती सारी फरशी पुन्हा उखडावी लागते.

एवढे करूनही रक्कम जुळत नसेल, तर ते काम नम्रपणे नाकारावे. रिकामा गेलेला महिना पुढे भरून काढता येतो. अर्धवट सोडलेल्या कामाची वार्ता मात्र त्याच बाजारातील इतर गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचते आणि पुढील कामांच्या वाटा बंद करते.