बोंडगावचा गहू आणि पुण्यातली डबी

चि. ओंकार यास,
खामगावहून आत्या लिहितेय.

केस गळतात म्हणून तू मागवलेल्या गोळ्यांच्या डबीचा फोटो मिळाला. आत्यानं मुद्दाम मागच्या बाजूचाही फोटो मागवला आणि मोठा करून वाचला. बायोटिन, जस्त आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत सेलेनियम. रील पाहून मागवली, डॉक्टरांना विचारलं नाही, हे तूच मोकळेपणानं सांगितलंस, ते बरं केलंस. पण सेलेनियम हे नाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी कसं पोचलं, ते पुण्यात बसून तुझ्या कानावर अर्धवटच आलं असणार. म्हणून आधी ती हकिकत वाच. डबीचं नंतर बघू.

डिसेंबर २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटायला लागली. मग केस राठ व्हायचे, हात लावला की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत डोकं उघडं पडायचं. काहींना आधी ताप, डोकेदुखी, अंगाला मुंग्या, उलट्या-जुलाब असाही त्रास झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये आकडा वाढत गेला. १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. त्यात शाळकरी मुलं होती, सत्तरी गाठलेले म्हातारे होते, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली तर बऱ्याच होत्या. कितीकांनी उरलेले केस उतरवूनच टाकले. बाहेरगावी लोक लांब सरकून बसायला लागले, मुलं शाळेत जाईनात, जमत आलेली लग्नं अडली. केस जाणं हे दुखणं अंगावर जेवढं दिसतं, त्याहून मनाला जास्त लागतं. म्हणून तुझी काळजी आत्याला क्षुल्लक वाटत नाही.

आता लक्ष देऊन बघ, लोकांनी कारण कसं शोधलं ते.

सगळ्यात आधी बोट गेलं पाण्याकडे. हा आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. नमुने तपासले तर क्षारही जास्त निघाले आणि नायट्रेटही. झालं, कारण सापडलं असं कितीकांना वाटलं. दुसऱ्यांनी शाम्पूवर ठपका ठेवला. कुणी म्हणालं बुरशी आहे, म्हणून मलमं सुरू झाली. गावात एकमेकांची फणी आणि टॉवेल वापरायची भीती बसली.

पाणी वाईट होतं, यात खोटं काहीच नव्हतं. खारपाणपट्ट्यातल्या लोकांना चांगलं पाणी मिळायलाच हवं, ती मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट आहे, मग केस त्याच हिवाळ्यात का गळले? नायट्रेट जास्त झालं तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. त्यानं आठवड्याभरात टक्कल पडत नाही. शाम्पू म्हणावा तर ज्यांनी आयुष्यात शाम्पू लावला नाही त्या म्हाताऱ्यांचेही केस गेले. बुरशी म्हणावी तर ती इतक्या गावांत एकाच वेळी, इतक्या झपाट्यानं डोकी साफ करत नाही. एखादी गोष्ट वाईट असणं आणि तीच आपल्या दुखण्याचं कारण असणं, यांत फार अंतर आहे. ओंकार, आजारपणात माणूस चुकतो तो बहुतेक इथेच.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले त्वचेचे डॉक्टर आले. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक आलं, त्यानं नमुने नेले. त्याच सुमारास महाडहून डॉ. हिम्मतराव बावस्कर गावात आले. हे मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. कोकणात सरकारी नोकरीत असताना विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत जात, तेव्हा रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन नावाचं औषध त्यांनी त्यावर वापरून पाहिलं, नोंदी ठेवल्या आणि ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. विंचवानं मरणाऱ्यांचं प्रमाण त्या उपचारानं एकदम खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आत्याला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो पद्मश्रीपेक्षा त्या नोंदींमुळे.

इथेही त्यांनी तेच केलं. लोकांचं रक्त, लघवी आणि केस तपासायला पाठवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की सेलेनियम रक्तात नेहमीपेक्षा ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सापडलं. जस्त मात्र फार कमी. मग हे आलं कुठून? तर रेशनच्या गव्हातून, असा त्यांचा निष्कर्ष. तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला. एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. इथल्या शेतातल्या गव्हापेक्षा शेकडो पटींनी जास्त. धुऊन पाहिलं तरी १३.६१ उरलंच, कारण ते दाण्यावर बसलेली धूळ नाही. रोप जमिनीतून सेलेनियम शोषतं आणि गंधकाच्या जागी ते आपल्या प्रथिनांत गुंफून घेतं. धुण्यानं, चाळण्यानं, भाजण्यानं ते जाणार कसं?

पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूर-नवांशहर भागात काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातले लोक कित्येक वर्षांपासून अभ्यासत आले आहेत. तिथल्या गुरांचे केस जातात, खूर सुटतात. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात माणसांचे केस आणि नखं अशीच गळली होती. आपल्याकडेही एप्रिल २०२५ मध्ये काही गावांत नखं ठिसूळ होऊन पडायला लागली. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळाशी झालेली इजा वर दिसायला वेळ लागतो. केस, नखं, रक्त, धान्य आणि दूरच्या देशातला जुना अनुभव, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, म्हणून आत्याला हा निष्कर्ष पटतो. नुसत्या मोठ्या नावावर तो तूही पटवून घेऊ नकोस.

गंमत नाही, पण आता हिशेब कर. तू लहानपणापासून गणितात बरा आहेस. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं. ४०० च्या वर रोज जाऊ नये असं मानतात. युरोपनं २०२३ मध्ये ती मर्यादा २५५ वर आणली. त्या गव्हाच्या एका ग्रॅममध्ये साडेचौदा मायक्रोग्रॅम. कष्टाचं काम करणारा माणूस दिवसात सहा-सात पोळ्या खातो, म्हणजे धर २०० ग्रॅम पीठ. झाले २९०० मायक्रोग्रॅम. गरजेच्या सत्तर पट, ४०० च्या मर्यादेच्या सात पट, आणि तेही रोज, नकळत, पोटभर जेवल्याच्या समाधानात.

या हिशेबात तुझी डबी बसते. सेलेनियम हे विष नाही. थायरॉइडला ते लागतं, अगदी कमी पडलं तर हृदयही बिघडतं. चीनमध्येच असा केशान नावाचा हृदयरोग सापडला. पण ज्या गोष्टीच्या कमतरतेनं त्रास होतो तिच्या जास्तीनंही होतो, आणि या एका मूलद्रव्यात पुरेसं आणि जास्त यांतली जागा फार अरुंद आहे. तुझ्या एका गोळीत किती मायक्रोग्रॅम आहे ते वाच. शिवाय व्यायामशाळेत तो जो पावडरचा डबा घेतोस त्याच्यावरही वाच आणि बेरीज कर. दोन वेगळ्या दुकानांतून आलेल्या दोन डब्यांत तोच घटक असू शकतो.

आणि छापलेलं तेवढंच आत असतं, यावरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. २००८ साली अमेरिकेत एक पातळ पूरक औषध बाजारातून परत घ्यावं लागलं. बाटलीवर २०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं, आत त्याच्या सुमारे २०० पट. दहा राज्यांत २०१ लोक आजारी पडले. जुलाब, थकवा, सांधेदुखी, आणि केस गळणं. तब्येत सुधारावी म्हणून पैसे मोजून घेतलेली वस्तू होती ती.

वरून लावायच्या औषधांचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं होतं. डोक्याला तेल चोळून डोकं धुतलं आणि साठाहून जास्त लोक डोळे सुजून, आग होऊन दवाखान्यात गेले. घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक करणं किती सोपं असतं, बघ.

मग करावं काय? आधी तुझे केस खरंच किती जातात ते पाहा. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. पावसाळ्यात तुला डेंग्यू झाला होता ना? मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि बहुतेकांचे आपसूक परत येतात. अशा वेळी जी डबी हातात असते तिला फुकटचं श्रेय मिळतं. तुझ्या वडिलांचं आणि आजोबांचं कपाळ आठव, तेही एक कारण असेल. रात्री दोनपर्यंत जागणं आणि मेसचं जेवण चुकवणं आत्याला ठाऊक आहे, ते वेगळं लिहायला नको. गोळ्या आजपासून बंद ठेव आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे का ते पाहा, विचारायला लाजू नकोस. त्यांनी थायरॉइडची तपासणी सांगितली तर बायोटिन घेत होतो हे आधी सांग. बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. चुकीच्या आकड्यावर चुकीचं औषध सुरू झालं की गुंता वाढत जातो.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि तारीख लिहून ठेव. तेल, शाम्पू, गोळ्या, आहार सगळं एकदम बदललंस तर कशानं फरक पडला ते देवालाही सांगता यायचं नाही.

तुझ्या आईनं फोनवर विचारलं की रेशनचा गहू घ्यावा की नाही. तिला आत्यानं सांगितलंय, तूही सांग: घाबरून टाकून देऊ नका. प्रत्येक पोतं काही बोंडगावचं नसतं आणि ज्या घराची चूल त्या धान्यावर चालते त्याला ‘खाऊ नका’ म्हणून मोकळं होता येत नाही. पण आठवडाभर एकच धान्य नको. एका वेळेला ज्वारीची भाकरी, एका वेळेला पोळी, मध्ये भात. एकाच शेतातलं, एकाच पोत्यातलं रोज पोटात गेलं नाही तर त्यातला दोषही रोज पोटात जात नाही. आणि नवीन पोतं फोडलं की त्यातला पावशेर गहू स्वच्छ बरणीत वेगळा काढून वर तारीख आणि दुकानाचं नाव लिहायचं. घरात दोघा-तिघांना एकदम काही झालं तर आरोग्य केंद्रात ती बरणी घेऊनच जायचं. धान्य संपून गेलं असेल तर प्रयोगशाळा तपासणार काय? तुझ्या आईला बरण्या कमी पडत असतील, तर माळ्यावरच्या लोणच्याच्या दोन रिकाम्या आहेत. येत्या रविवारी तुझे बाबा शेगावला दर्शनाला येणार आहेत, त्यांच्याजवळ पाठवते.

डॉक्टरांकडे गेलास की चिठ्ठीचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या