पिंजऱ्यातील पाखराचा हक्क

भूमीवर चालणारे प्राणी आणि आपल्या दोन पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अन्आममध्ये (6:38) अल्लाहने मानवाला सांगितले आहे. या आयतीत 'उम्मत' हाच शब्द योजलेला आहे. घरात पोपट पाळावा काय, हा प्रश्न या आयतीच्या प्रकाशात पाहिला म्हणजे तो केवळ मुलांच्या हौसेचा राहत नाही.

नाशिककरांना पोपट नवा नाही. फज्रची नमाज आटोपून बाहेर यावे, तर गोदाकाठच्या वड-पिंपळांवरून हिरवे थवे कलकलाट करीत मळ्यांकडे निघालेले दिसतात. निफाड-दिंडोरीचे बागाईतदार पेरू आणि द्राक्षांच्या हंगामात त्यांच्या नावाने बोटे मोडतात. मुलांना मात्र तेच पाखरू हवे असते. ईदीचे पैसे हाती आले की हट्ट सुरू होतो. मग आईवडील दोन गोष्टी विचारतात: हे जायज आहे काय, आणि असल्यास कोणता पक्षी घ्यावा? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी काढता येत नाहीत. पक्षी कोठून आला यावरच त्याचे जायज असणे पुष्कळसे अवलंबून आहे.

परवानगीचा आधार सुप्रसिद्ध आहे. हजरत अनस (रजि.) यांचा अबू उमैर नावाचा एक धाकटा भाऊ होता. त्याच्यापाशी नुगैर नावाचे एक लहान पाखरू होते आणि तो त्याच्याशी खेळत असे. ते पाखरू मेले. आदरणीय पैगंबर (स.) त्या घरी आले तेव्हा मूल खिन्न बसलेले दिसले. त्यांनी त्याला मोठ्या माणसासारखे 'अबू उमैर' या नावाने संबोधून, तुझ्या नुगैरचे काय झाले, अशी प्रेमाने विचारपूस केली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शाफई विद्वान इब्नुल कास (रह., मृत्यू हिजरी 335) यांनी या एवढ्याशा प्रसंगावर स्वतंत्र पुस्तिका लिहून त्यातून साठ बोध काढले. मुलाने पाखराशी खेळणे आणि पक्षी पिंजऱ्यात ठेवणे अनुज्ञेय आहे, हा त्यांतीलच एक. मात्र विद्वानांनी या परवानगीला नेहमी एक अट जोडली आहे: पक्ष्याचा छळ होता कामा नये.

छळ म्हणजे काय, हे दुसऱ्या एका हदीसवरून कळते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केलेली मांजर कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. एका मांजरीपायी ती स्त्री नरकाग्नीची धनी झाली. परंतु हदीसचे शब्द आपण नीट लक्षात घेत नाही. तिने मांजरीला मारले नव्हते, चटके दिले नव्हते. तिने मांजर कोंडून ठेवली, स्वतः खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडामुंगी खायला मोकळेही सोडले नाही. गुन्हा या दोन गोष्टी एकत्र येण्यात आहे. मोकळ्या प्राण्याचे अन्न अल्लाहने भूमीवर पसरून ठेवले आहे. ज्या क्षणी आपण पिंजऱ्याची कडी लावली, त्या क्षणी त्याच्या अन्नपाण्याची जबाबदारी आपण स्वतःवर घेतली. सुटीत आठ दिवस गावी जाताना 'दाणे भरून ठेवलेत' म्हणून कुलूप लावणाऱ्या कुटुंबाने ही हदीस पुन्हा एकदा वाचावी. उन्हाळ्यात पाण्याची वाटी एकदा उलटली, तर मागे पाखराची काय अवस्था होते हे पाहायला तेथे कोणीही नसते.

आता हिरव्या पोपटाविषयी. येथे तिसरी एक हदीस आपला मार्ग रोखून उभी राहते. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सांगतात की, एका प्रवासात काही सहाबींना एक लहान पक्षीण आणि तिची दोन पिले दिसली. त्यांनी पिले उचलली. पक्षीण येऊन पंख फडफडवू लागली. पैगंबर (स.) परतले तेव्हा त्यांनी विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले? आणि पिले परत करण्याची आज्ञा केली. (अबू दाऊद)

आपल्याकडे बाजारात चोरून विकला जाणारा हिरवा पोपट हे नेमके असेच उचललेले पिलू असते. गळ्याभोवती कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात चार-सहा अंडी घालतो. पिले सुमारे सात आठवडे ढोलीत राहतात. त्याच दिवसांत फासेपारधी हात घालून ती काढतात, कित्येकदा ढोलीचे तोंड फोडतात, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जोडीला घरटेही उरत नाही. डोळे नुकतेच उघडलेली पिले टोपलीत दाटीवाटीने भरून नेतात आणि वाटेत कित्येक मरतात. आपल्या हाती पडते ते जिवंत राहिलेले. किंमत आपण एका पाखराची देतो, पण त्या पैशांनी पुढच्या साऱ्या टोपल्या भरतात.

याला कायद्यानेही मनाई आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 अन्वये कंठवाला पोपट, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट हे सर्व संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे, विकत घेणे व बाळगणे गुन्हा आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरात मिठ्ठू आहे' हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

काही मंडळी म्हणतात, शरीअतने परवानगी दिली असता सरकारची मनाई आम्ही का मानावी? हा युक्तिवाद लंगडा आहे. शरीअतने पोपट पाळणे अनिवार्य केलेले नाही. ती केवळ मुभा आहे. ज्या देशात आपण करारबद्ध नागरिक म्हणून राहतो, तेथील जो नियम आपल्याला कोणतेही पाप करण्यास भाग पाडत नाही आणि एका मुक्या जिवाचे रक्षण करतो, तो पाळणे हे करारपूर्तीच्या कुरआनी आज्ञेतच (5:1) येते. शिवाय वरील हदीस समोर असता कायदा नसता, तरीही उत्तर बदलले नसते.

सदका म्हणून बाजारातील पाखरे विकत घेऊन सोडण्याची रीतही काही शहरांत आहे. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु गिऱ्हाईक आहे असे दिसले की पकडणारा उद्या दुप्पट जाळी लावतो. त्या पैशांत गच्चीवर पाण्याची परळे ठेवावीत. तहानलेल्या जिवाला पाणी पाजण्याचे पुण्य हदीसने स्पष्ट सांगितले आहे.

मग पाळायचा तर कोणता? पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले परदेशी पक्षी हा सरळ मार्ग आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा लहान बजी (आपल्या बाजारात यालाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात; खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा) नवशिक्या घराला उत्तम. तुऱ्याचा कॉकटेल थोडा मोठा, स्वभावाने शांत. आफ्रिकन राखी पोपट, मकाव, काकाकुवा यांच्यासाठी 2024 च्या नियमांनुसार शासनाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे. सामान्य कुटुंबाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. राखी पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगतो. तो तुमच्या नातवंडांच्या पदरात टाकण्याची ठेव आहे. बजी पाच ते दहा वर्षे, कॉकटेल पंधरा-वीस वर्षे जगतो. मुलगा आज दहा वर्षांचा असेल तर तो शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेल्यावर पिंजरा कोण साफ करणार, हे आधीच ठरवावे.

पक्षी दुकानातून घेण्यापेक्षा स्वतः पैदास करणाऱ्याच्या घरून घ्यावा, म्हणजे त्याचे आईबाप पाहता येतात. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, पिसे अंगाबरोबर बसलेली असावीत. पिसे फुगवून तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपूट हलवणारा पक्षी स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पाखरे आजार लपवतात. तो बाहेर दिसू लागला म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. घरातील पक्ष्यात ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडे न्यावे. नवा पक्षी महिनाभर जुन्यांपासून वेगळा ठेवावा. विष्ठेची धूळ नाकात जाऊन 'सिटॅकोसिस' नावाचा ज्वर माणसालाही होऊ शकतो, म्हणून तळाचा कागद रोज बदलावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक हवा, कारण पक्षी आडवा उडतो. दोन्ही पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत आणि एका दांडीवरून दुसरीवर उडून जाता आले पाहिजे. गोल, शोभेचे पिंजरे पाहुण्यांना आवडतात, पाखराला नाही. आहारात राळे, बाजरी, थोडी नाचणी. रोज मेथी किंवा कोथिंबीर, गाजर, पेरूची फोड. हिरवी मिरची पोपट आनंदाने खातो, त्याला ती तिखट लागत नाही. सूर्यफुलाच्या बिया बेताने. चोचीसाठी समुद्रफेसाचा तुकडा टांगावा. आपल्या घरांत कौतुकाने दिला जाणारा चहात बुडवलेला पाव बंद करावा. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो आणि खारट फरसाण तर कधीच नको. नाशिकमध्ये द्राक्षे मुबलक, परंतु त्यांवर फवारणी झालेली असते. भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय मणी देऊ नये.

काही गोष्टी खास आपल्या घरांच्या आहेत. जुमेरातीला किंवा जुम्याला लोबान-ऊद जाळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पक्ष्याचे श्वसन अतिशय नाजूक. बंद खोलीतील तो धूर त्याला असह्य होतो. तीच गोष्ट स्वयंपाकघराची. जास्त तापलेल्या नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पाखरू त्याने काही मिनिटांत मरते. रमजानमध्ये तरावीहनंतर जागरण आणि मग सहरीचा दिवा यांमध्ये पक्ष्याची झोप होत नाही. त्याला दहा-बारा तासांचा अंधार लागतो. त्या महिन्यात पिंजरा दिवाणखान्यातून काढून आतल्या शांत खोलीत न्यावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्याही खाली जातो, निफाडकडे तर अधिकच. रात्री तीन बाजूंनी जाड कापड घालून वाऱ्याचा झोत अडवावा.

नमाजच्या जागेबद्दल नेहमी विचारले जाते. शाफई मतानुसार सर्वच पशुपक्ष्यांची विष्ठा नापाक आहे. कोकणीपुऱ्यातील अनेक घरे याच मताची आहेत. हनफी मतानुसार कबुतर-चिमणीसारख्या हलाल पक्ष्यांची विष्ठा पाक मानली जाते. वादात न शिरता मुसल्ला जेथे अंथरला जातो तेथून पिंजरा दूर ठेवणे, हे दोघांनाही सोयीचे.

पोपटाला कलिमा शिकवण्याचे अनेकांना मोठे अप्रूप वाटते. मुलांसमोर पवित्र शब्द उच्चारले जातात हे ठीक, पण पोपट आवाजाची नक्कल करतो. ती त्याची इबादत नव्हे. त्याची तस्बीह कोणती, हे पंख पसरलेल्या पक्ष्यांच्या उल्लेखासह सूरह नूरने (24:41) सांगून ठेवले आहे, आणि ती त्याला आपण शिकवावी लागत नाही. उलट एक शब्द वदवून घेण्यासाठी त्याला उपाशी ठेवणे, एकटे पाडणे हा उघड जुलूम आहे. रस्त्यावर पोपटाकडून पाकिटे उचलवून भविष्य सांगणाऱ्यांपुढे तर उभेही राहू नये. भविष्य सांगणाऱ्याला विचारायला जाणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, असा इशारा सहीह मुस्लिममध्ये आहे.

राहिली ती घरे, जेथे हिरवा पोपट आज पिंजऱ्यात आहे. हा लेख वाचून कोणी उद्या सकाळी खिडकीत पिंजरा उघडू नये. लहानपणापासून हातावर वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही, घारीची आणि मांजराची भीती कळत नाही, आणि पंख छाटलेले असतील तर नवी पिसे येईपर्यंत नीट उडताही येत नाही. असे सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी ठेवणे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा, पक्षी स्वतःहून सोपवायचा आहे असे सांगावे, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत किंवा ते सांगतील तेथे नेईपर्यंत दाणापाणी नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. नेताना हवेशीर खोके वापरावे, तळाशी जुना कपडा अंथरावा आणि तो काय खातो, किती वर्षांचा आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. मुले रडतील, तेव्हा त्यांना पंख फडफडवणाऱ्या त्या पक्षिणीची हदीस सांगावी.