कंबर दुखते, मग वजन उचलायचं?

मैत्रिणींनो, कंबर धरली की घरातले म्हणतात, "वाकू नकोस, पडून राहा." तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात असं पडून राहिल्याने उलट पाठ, पोट आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. मग रोजचीच घागर जड वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी दिलेल्या शिफारशींत व्यायाम आहे. कंबरपट्टा मात्र सरसकट वापरू नये, असं सांगितलंय.

"अहो ताई, दिवसभर खुरपतो, भारे वाहतो, तो काय व्यायाम नाही?" प्रश्न रास्त आहे. पण खुरपताना तासन्‌तास एकाच ठेवणीत वाकून बसावं लागतं. भारा किती जड, हे आपल्या हातात नसतं आणि दमलो तरी थांबता येत नाही. व्यायामात वजन आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मधे दिवसभर विसावा देतो. त्या विसाव्यातच स्नायू बळकट होतात.

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. उताणं झोपा, गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर टेकवून कंबर वर उचला, पाच आकडे मोजून खाली आणा. असं 8 ते 10 वेळा. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, तेही तेवढ्याच वेळा. हे सहज जमू लागलं की दोन किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून उठा. पुढे किलो-किलोने वाढवा. श्वास रोखून धरू नका.

सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालू ठेवा. वाढलं तर वजन कमी करा. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात, आठवड्यात सोडू नका.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्यापासून दुखत असेल, तरी आधी डॉक्टरांना दाखवा. बाळंतीण असाल किंवा हाडं ठिसूळ असतील तर विचारूनच सुरू करा.

सुगीत वेळ मिळत नाही, हे खरंच. तेव्हा आठवड्यातून एकदा केलं तरी चालेल, पण अगदी बंद करू नका.